मायनर फिक्स

गिटमध्ये एक मेसेज आहे. तो मी आजवर हजारेक वेळा तरी पाहिला असेल, आणि वाचला असेल फार तर दोनदा.

तुम्ही तुमचं काम सर्व्हरवर पुश करायला जाता आणि गिट ते घेत नाही. लाल अक्षरात 'रिजेक्टेड' येतं आणि त्याखाली कारण. ही कारणं साधारण दोन प्रकारची. एकात म्हटलेलं असतं की तुझी ब्रँच सर्व्हरवरच्या ब्रँचच्या मागे आहे. दुसऱ्यात म्हटलेलं असतं की सर्व्हरवर असं काम आहे जे तुझ्याकडे नाहीच. दोन्हींचा रंग तोच, लांबी जवळपास तीच, दोन्हींच्या शेवटी 'आधी पुल कर' छापाचा सल्ला. घाईत असलेल्या माणसाला ते एकच मेसेज वाटतात.

१५ सप्टेंबर २०२३, शुक्रवार, संध्याकाळी पावणेसातला मी घाईत होतो. साडेआठला वाकडहून तासगावची बस होती. मंगळवारी गणपती होते.

*

कोडशी संबंध नसलेल्यांसाठी थोडं मागे जाऊन सांगतो. संबंध असलेल्यांनी पुढचा भाग सोडला तरी चालेल. पण शक्यतो सोडू नका, कारण आमच्यातल्याही निम्म्या लोकांना गिट कसं चालतं ते माहीत नसतं, चार कमांड पाठ असतात. मीही त्यातलाच.

आमचा बी.ई.चा प्रोजेक्ट चौघांनी मिळून केला तो व्हॉट्सॲपवर झिप फायली पाठवून. 'फायनल', 'फायनल २', 'फायनल खरंच', 'फायनल सरांनी सांगितलेलं'. सबमिशनच्या आदल्या रात्री यातलं खरं फायनल कुठलं यावरून आमची इतकी भांडणं झाली की आमच्यातले दोघं आजही एकमेकांच्या लग्नाला जाणार नाहीत. गिट हा त्या झिप फायलींवरचा उतारा आहे. कॉलेजात तो आम्हाला कुणी सांगितला नाही. सिलॅबसमध्ये नव्हता.

लिनक्स बनवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं २००५ च्या एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतलं. जगभर पसरलेले लिनक्सचे प्रोग्रामर तेव्हा बिटकीपर नावाचं दुसऱ्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर वापरायचे, त्याचा फुकट वापर बंद झाला. मग याने स्वतःचंच बनवलं, आणि ते काही दिवसांत चालायलाही लागलं. आज मी ज्या गोष्टीवर पोट भरतो ती एका माणसानं वैतागून बनवली आहे, हे मला कायम बरं वाटतं.

त्याची कल्पना अशी. तुम्ही कामाचा एक टप्पा पूर्ण केलात की त्याची नोंद करता. तिला कमिट म्हणतात. त्यात काय बदललं, कुणी बदललं, कधी, आणि सोबत एक ओळीचा खुलासा. प्रत्येक कमिटला गिट ४० अक्षरांचा एक नंबर देतं, आणि त्या नोंदीच्या पोटात तिच्या आधीच्या नोंदीचा नंबर असतो. म्हणजे ही साखळी आहे. जुन्या कमिटमध्ये एक स्वल्पविराम बदला, तिचा नंबर बदलतो, आणि म्हणून तिच्या पुढच्या सगळ्यांचे बदलतात.

ही साखळी प्रत्येकाच्या लॅपटॉपवर पूर्ण असते. सर्व्हरवर एक सामाईक प्रत असते, ती रिमोट. आपण तिकडे ढकलतो तो पुश, तिकडून आणतो तो फेच किंवा पुल. तुम्ही आणल्यानंतर दुसऱ्या कुणी मध्येच काही ढकललं असेल, तर तुमचा पुश नाकारला जातो. आधी त्याचं काम घे, मग तुझं त्यावर चढव. एवढाच नियम आहे.

आणि हा नियम मोडायलाही एक सोय आहे. पुशच्या पुढे फोर्स लिहायचं. नुसतं डॅश एफ लिहिलं तरी चालतं. मग गिट वाद घालत नाही. सर्व्हरवर जे असेल ते बाजूला सारतं आणि तुमची साखळी हीच खरी साखळी असं धरून चालतं.

माझे वडील तलाठी होते, २०१९ ला रिटायर झाले. मी नोकरीला लागल्यावर एकदा त्यांनी विचारलं, तू दिवसभर नेमकं काय करतोस? मी त्यांना गिट समजावायला गेलो आणि पाच मिनिटांत तेच मला समजावायला लागले. म्हणाले, हे तर आमचं फेरफार रजिस्टर. गाव नमुना सहा. जमीन विकली, वारस लागला, बोजा चढला, काहीही झालं तरी आधी फेरफारला नोंद, तिला नंबर, आणि मग सातबारावर बदल. जुन्या मालकाचं नाव काढून टाकत नाहीत, त्याला कंस करतात आणि फेरफाराचा नंबर लिहितात. पन्नास वर्षांनी कुणी भांडत आला तरी मागे मागे जाऊन पाहता येतं की हे कंसातले आजोबा कधी कंसात गेले आणि कशापायी.

"आणि चुकलं तर?" मी विचारलं होतं.

"एका रेघेनं खोडायचं. खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला सही. आमच्या टेबलावर व्हाइटनरची बाटली दिसली तर सर्कल विचारायचे, ही कशाला?"

सर्कल म्हणजे सर्कल इन्स्पेक्टर, मंडल अधिकारी. त्यांच्या सहीशिवाय फेरफार मंजूर होत नाही. आमच्याकडे त्याला कोड रिव्ह्यू म्हणतात, आणि आमच्या कंपनीत शुक्रवारी तो कुणी करत नसे.

*

कंपनी छोटी होती, १७ माणसं. बाणेरच्या एका इमारतीत दुसरा मजला. क्लायंटचा हट्ट होता की कोड बाहेरच्या कुठल्या सर्व्हिसवर ठेवायचा नाही, म्हणून ऑफिसातल्याच एका मशीनवर साधी बेअर रेपॉझिटरी होती. वेब पेज नाही, कुणी काय ढकललं ते दाखवणारी यादी नाही. 'फोर्स घेऊ नकोस' अशी सेटिंग गिटमध्ये आहे, आमच्या सर्व्हरवर ती चालू नव्हती. कुणी मुद्दाम बंद केली नव्हती, कुणी चालू केली नव्हती इतकंच.

त्या शुक्रवारी आमच्या टीममधल्या एका सीनियरचा शेवटचा दिवस होता. पेमेंटच्या ब्रँचवर मी आणि ती दोघं काम करत होतो. रिफंडचा सगळा भाग तिचा. दोन आठवडे ती तो लिहीत होती आणि टेस्ट पूर्ण झाल्याशिवाय पुश करत नव्हती. ही तिची सवय मला तेव्हाही पटत नव्हती, आजही पटत नाही. रोज संध्याकाळी ढकलून मोकळं व्हावं. पण तिचा कोड चांगला होता, आणि ज्याचा कोड चांगला असतो त्याला कुणी काही बोलत नाही.

चार वाजता केक कापला. त्याआधी, ३ वाजून १२ मिनिटांनी, मी एक कमिट पुश केली होती. खुलाशाच्या जागी लिहिलं होतं 'मायनर फिक्स'. साडेसहाला बॅग भरताना सहज पाहिलं तर त्या कमिटमध्ये कॉन्फिगची फाइलही गेली होती, आणि तिच्यात टेस्ट डेटाबेसचा पासवर्ड होता.

ही चूक प्रत्येकाकडून एकदा होते. त्यावर करायचं काय हेही ठरलेलं आहे. लीडला सांगायचं, पासवर्ड बदलायचा. एकदा सर्व्हरवर गेला म्हणजे तो बाहेर गेला, इतिहासातून पुसलात तरी ज्यानं मधल्या वेळात पुल केलं त्याच्याकडे आहेच. मला हे माहीत होतं. पण दोन महिन्यांपूर्वी याच चुकीसाठी मी एका नव्या मुलाला सगळ्यांसमोर ऐकवलं होतं. आता लीडकडे जाऊन तेच सांगायचं?

मी कमिट अमेंड केली. फाइल काढली, बाकी तेच ठेवलं, नाव तेच ठेवलं. आता माझी साखळी सर्व्हरच्या साखळीपेक्षा वेगळी झाली, म्हणजे साधा पुश नाकारला जाणार हे मला ठाऊक होतं. तरी सवयीनं साधा पुश केला. नाकारला गेला. मी ज्याची वाट पाहत होतो ते 'रिजेक्टेड' आलं आणि मी खालचं वाचलं नाही.

खाली पहिल्या प्रकारचं कारण असायला हवं होतं, की तुझी ब्रँच मागे आहे. तिथे दुसऱ्या प्रकारचं होतं. सर्व्हरवर असं काम आहे जे तुझ्याकडे नाही.

हे मी पाहिलं होतं. पाहिलं होतं म्हणूनच आज सांगू शकतो. डोळ्यांनी पाहिलं आणि डोक्यानं घेतलं नाही. वरचा बाण दाबला, डॅश एफ जोडलं, एंटर मारला. ६ वाजून ४४ मिनिटं. लॅपटॉप शट डाउन केला. फोर्सच्या जागी 'फोर्स विथ लीज' असा एक सभ्य प्रकार २०१३ पासून गिटमध्ये आहे. तुम्ही शेवटचं पाहिलंत तेव्हा सर्व्हर जसा होता तसाच अजून असेल, तरच तो ढकलतो. टाइप करायला अक्षरं जास्त लागतात.

*

बस साताऱ्याच्या अलीकडे जेवायला थांबली तेव्हा व्हॉट्सॲप उघडलं. टीमच्या ग्रुपवर तिचा निरोपाचा मेसेज होता. सगळ्यांचे आभार, केकबद्दल काहीतरी, आणि शेवटी: "रिफंडचं सगळं ५:५० ला पुश केलंय, १४ कमिट आहेत. लॅपटॉप आयटीला दिला. बाय!"

खाली हार्ट, हात जोडलेले, पार्टी पॉपर. माझाही एक अंगठा होता, बसमध्ये चढताना न वाचता दिलेला.

मिसळ समोर तशीच राहिली. टेबलावरच लॅपटॉप उघडला, फोनचा हॉटस्पॉट, ऑफिसचं व्हीपीएन, फेच. नवीन काही नाही. लॉग पाहिला. सगळ्यात वर माझी 'मायनर फिक्स', तिच्याखाली गुरुवारची कुणाची तरी. १४ मधली एकही नाही.

५:५० ला तिनं माझी तीन-बाराची कमिट घेतली, तिच्यावर आपल्या १४ चढवल्या आणि ढकलल्या. ६:४४ ला मी ती तीन-बाराचीच कमिट खालून काढून घेतली. वरचं सगळं तिच्यासोबत गेलं.

फोर्स करताना गिट एक ओळ छापतं. आधीच्या टोकाचा नंबर, तीन टिंबं, नव्या टोकाचा नंबर. तो जुना नंबर हातात असता तर अर्धं काम झालं असतं. पण ती खिडकी मी बंद करून आलो होतो. आणि माझ्या लॅपटॉपनं तिचं काम कधी आणलंच नव्हतं, म्हणून त्याच्या कुठल्याच नोंदीत तो नंबर नव्हता.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी बसमध्ये जाऊन बसलो आणि कराडपर्यंत स्वतःला समजावत राहिलो की सोमवारी गुपचूप काहीतरी करू.

शनिवारी दिवसभर मखराचा थर्माकोल नको म्हणून पुठ्ठे कापत होतो आणि रात्री गच्चीवर जाऊन वाचत होतो. जे कळलं ते तसं दिलासा देणारं होतं. गिट सहसा काही लगेच फेकून देत नाही. फोर्सनं फक्त टोकावरची पाटी हलते. जुन्या कमिट सर्व्हरच्या पोटात तशाच पडून असतात, कुणी त्यांच्याकडे बोट दाखवत नाही एवढंच. साफसफाई झाली तरी अशा अनाथ वस्तूंना साधारण दोन आठवड्यांची मुदत असते. सर्व्हरवर बसून 'एफएसके' नावाची कमांड दिली की त्यांची यादी मिळते.

म्हणजे काम सापडणार होतं. फक्त सर्व्हरवर बसायची परवानगी आमच्या ॲडमिनला होती, तो गणपतीला चिपळूणला गेला होता, आणि त्याला फोन करायचा तर कशासाठी ते सांगावं लागणार होतं.

त्याच रात्री एक जुनी हकिकत वाचली. जेन्किन्स नावाचा एक मोठा ओपन सोर्स प्रकल्प आहे. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये त्यातल्या एका डेव्हलपरकडून चुकून १८० हून अधिक रेपॉझिटरींवर फोर्स पुश झाला. जगभरच्या लोकांचं काम. गिटहबच्या मदतीनं आणि लोकांकडच्या प्रतींवरून त्यांनी ते परत उभं केलं. हे सगळं मला सापडलं ते त्या लोकांनीच ब्लॉगवर काय झालं, कसं झालं ते लिहून ठेवलं होतं म्हणून. मी ते तीनदा वाचलं आणि फोन उलटा ठेवून झोपलो.

रविवारी रात्री नऊला लीडचा ग्रुपवर मेसेज आला. "रिफंडचा कोड दिसत नाहीये. कुणाकडे आहे का?"

ती अजून ग्रुपमध्ये होती. तिनं लगेच उत्तर दिलं. "शुक्रवारी ५:५० ला पुश केलाय."

"सर्व्हरवर नाहीये."

"मी केलाय. मी स्वतः बघितलं पुश झालेला."

लीडनं लॉगचा स्क्रीनशॉट टाकला. सगळ्यात वर माझं नाव. मग त्यानं विचारलं, "कुणी फोर्स मारलाय का?" दोघांनी 'नाही' लिहिलं. मी काही लिहिलं नाही. खोटं बोललो नाही, असं मी तेव्हा मनात म्हटल्याचं मला आठवतं.

मॅनेजरनं लिहिलं की आयटीनं शनिवारीच तिचा लॅपटॉप फॉरमॅट केलाय, आणि कोड मिळेपर्यंत रिलीव्हिंग लेटर देता येणार नाही. एकानं डोळे फिरवणारा इमोजी टाकला. त्यावर दोघांनी हसून दाखवलं. या दोघांनी शुक्रवारी केक खाल्ला होता.

तिनं तीन मोठे मेसेज लिहिले. पहिल्यात वेळा होत्या, दुसऱ्यात कुठल्या कमिटमध्ये काय होतं ते आठवून लिहिलं होतं, तिसरा अर्ध्यावर तुटला होता. मग काही नाही. रात्री सव्वाबारापर्यंत तिच्या नावाखाली 'टायपिंग' येत होतं आणि जात होतं.

माझ्या निळ्या टिका सगळ्यांना दिसत होत्या. पण निळ्या टिका कोण बघतं.

*

सोमवारी आईची हरतालिका. घरात लवकर उठाउठ. वडील अंगणात खुर्ची टाकून दुर्वा निवडत बसले होते. मी चहा घेऊन शेजारी बसलो.

"काय झालंय?" ते म्हणाले. "शनिवारपासून बघतोय, पुठ्ठा वाकडा कापतोयस."

मी सांगितलं. त्यांच्याच भाषेत सांगितलं, कारण ती सोपी होती. माझी एक नोंद चुकली होती. खोडून सही करायची, तर मी पानच फाडलं. त्या पानावर दुसऱ्या बाईच्या १४ नोंदी होत्या. आता ती म्हणते मी नोंदी केल्या, रजिस्टर म्हणतं केल्या नाहीत.

ते दुर्वा निवडत राहिले. तीन पानांची वेगळी, बाकीची वेगळी.

"पान आहे का कुठं?"

"आहे. कपाटामागं पडलंय समजा. किल्ली दुसऱ्याकडं आहे."

"मग अवघड काय आहे?"

मी काही बोललो नाही. त्यांना कळलं.

"त्या बाईला सांगितलंस?"

"आधी लीडला सांगतो. म्हणजे कोड मिळाला की मग तिला..."

"आधी तिला." त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा पाहिलं. "साहेबाला काय, त्याला पान पाहिजे. ती रात्रभर बसली असंल की बाबा मी खरंच नोंद केली होती का."

नऊ वाजून पाच मिनिटांनी मी तिला फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला. मी एका दमात सगळं सांगितलं, पासवर्डसकट. पलीकडे इतका वेळ शांतता होती की मी दोनदा 'हॅलो' म्हणालो.

"रविवारी तू ग्रुपवर होतास," ती म्हणाली.

"हो."

"मी रात्री दोनला नवऱ्याला उठवून विचारलं, की शुक्रवारी मी घरी येताना पुश केल्याचं बोलले होते ना. त्याला काय माहीत असणार? मला वाटायला लागलं की मी चुकीच्या ब्रँचवर केलं असेल. किंवा केलंच नसेल."

मी सॉरी म्हटलं.

"ते ठीकाय. ग्रुपवर लिही. ज्या ग्रुपवर त्यांनी विचारलं त्याच ग्रुपवर, आणि मेलही कर, मॅनेजरला. वेळा घालून. मी ५:५० ला पुश केलं होतं हे वाक्य त्यात असू दे."

फोन तिनं ठेवला.

मी तसं लिहिलं. चार वेळा लिहून खोडलं, कारण प्रत्येक वेळी त्यात 'गैरसमज' हा शब्द येत होता आणि झालं त्यात गैरसमज काहीच नव्हता. शेवटी पाच वाक्यं उरली. पाठवली. मग लीडला फोन केला. त्यानं मला काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातलं काहीच चुकीचं नव्हतं.

ॲडमिन चिपळूणहून फोनच्या नेटवर सर्व्हरला जोडला गेला. त्यानं कमांड दिली. कुणी बोट दाखवत नाही अशा सात-आठ कमिट निघाल्या, बऱ्याचशा जुन्या, कुणाकुणाच्या विसरलेल्या. त्यातल्या एकीवर तिचं नाव आणि १५ सप्टेंबर, ५:४७. नंबरची पहिली सात अक्षरं त्यानं फोनवर वाचून दाखवली, लीडनं ती परत म्हणून पाहिली, आणि त्या टोकावर एक नवी ब्रँच उभी केली. १४ च्या १४ कमिट. एका टेस्टसकट सगळं जागेवर. फोन लावल्यापासून १२ मिनिटं लागली. मी गप्प होतो ते शुक्रवार ६:४४ पासून सोमवार ९:०५ पर्यंत, म्हणजे ६२ तास २१ मिनिटं. बसमध्ये घालवलेला वेळ धरून.

आता एक अडचण होती. तिची साखळी माझ्या पहिल्या, पासवर्डवाल्या कमिटवर उभी होती. तिचं काम परत आणायचं तर मी जे लपवायला निघालो होतो तेही सगळ्यात खाली, माझ्या नावानं, परत येणार होतं. तिच्या कमिट एकेक उचलून माझ्या स्वच्छ कमिटवर ठेवता आल्या असत्या. गिटमध्ये तशी सोय आहे, चेरी पिक म्हणतात. पण मग तिच्या चौदाही नोंदींचे नंबर बदलले असते.

मी लीडला विचारलं, काय करू?

"तसंच ठेव," तो म्हणाला. "पासवर्ड बदलून झालाय पाच मिनिटांपूर्वी. तिची जशी होती तशी ब्रँच राहू दे. तुझी फाइल काढायचीय ना? नवीन कमिट कर. वर."

केली. खुलाशात पहिल्यांदाच पूर्ण वाक्य लिहिलं: कॉन्फिग फाइल चुकून गेली होती, काढली, पासवर्ड बदलला आहे. अंगणात बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन. वडिलांनी वाकून स्क्रीनकडे पाहिलं. त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं.

"जुनं दिसतंय का वाचायला?"

"दिसतंय."

"बरं." आणि ते दुर्वांच्या जुड्या बांधायला लागले.

*

रिलीव्हिंग लेटर तिला त्या आठवड्यात मिळालं. सर्व्हरवर फोर्स न घेण्याची सेटिंग चालू झाली. इमोजी टाकणाऱ्यानं काही लिहिलं नाही. माझं त्या वर्षीचं अप्रेझल जसं व्हायचं तसं झालं.

पंचमीला आमच्या गावचा रथ निघतो, सगळं तासगाव दोर ओढायला रस्त्यावर असतं. त्या गर्दीत मी तिला आणखी एक लांब मेसेज लिहिला, माफीचा. तिनं संध्याकाळी उत्तर दिलं, "मेल मिळाला, थँक्स." तो मी मॅनेजरला केलेल्या मेलबद्दल होता. माफीबद्दल ती काही बोलली नाही, आणि त्यानंतर आमचं बोलणं झालेलं नाही. पुण्यात एकदा मेट्रोत ती दिसली होती. तिनं मान हलवली, मीही हलवली, पुढच्या स्टेशनला ती उतरली.

मी आता दुसरीकडे आहे. जुन्या कंपनीत पेमेंटचा तो कोड अजून चालतोय, रिफंड तिच्याच चौदा कमिटवर होतात. नवीन माणूस लागला की त्याला रेपॉझिटरी क्लोन करायला सांगतात आणि इतिहास वाचायला लावतात. तो खाली खाली जात १५ सप्टेंबर २०२३ ला पोचतो. तिथे तिची ५:४७ ची कमिट आहे, तिच्याखाली तिच्या बाकीच्या तेरा, आणि त्यांच्याखाली दुपारी ३ वाजून १२ मिनिटांनी माझं नाव, एक फाइल जिचा आता काही उपयोग नाही, आणि 'मायनर फिक्स'.